ऑनलाइन संगीत नियतकालिकाचा इतिहास कसा लिहावा: पिचफोर्कच्या उदाहरणासह

छापील मासिकाचा इतिहास लिहिणाऱ्याला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जाऊन जुने बांधीव खंड मागवता येतात. पन्नास वर्षांपूर्वीचा अंक आज उघडला तरी त्यातली जाहिरात, मुद्रणदोष, किंमत, संपादकांची नावे, सगळे जागच्या जागी असते. ऑनलाइन नियतकालिकाचे तसे नाही. २००० साली लिहिलेले परीक्षण आज त्याच संकेतस्थळावर वाचले तरी त्याची अक्षरे, मांडणी, शेजारची जाहिरात आणि पानाचा पत्ता आजचा असतो. कधी तारीख बदललेली असते, कधी लेखकाचे नाव गळलेले असते, कधी परीक्षणच काढून टाकलेले असते. त्यामुळे इथे पुरावा आधी गोळा करावा लागतो आणि इतिहास नंतर लिहावा लागतो. उलटे केले की संस्थापकाच्या मुलाखतींवर बेतलेली, सगळीकडे सापडते तीच गोष्ट पुन्हा लिहून होते.

उदाहरण म्हणून इथे पिचफोर्क घेतले आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस भागात रायन श्रायबर या शाळा नुकतीच संपवलेल्या तरुणाने ते सुरू केले, १९९९ मध्ये ते शिकागोला आणले, २०१५ मध्ये ते काँडे नास्ट या मोठ्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते जीक्यू या पुरुषांच्या मासिकाच्या छत्राखाली नेले गेले. स्वतंत्र नियतकालिकाच्या आयुष्यातले जवळपास सगळे टप्पे यात आहेत, शिवाय पुरावा भरपूर आहे. पद्धत शिकायला याहून सोयीचे उदाहरण नाही.

प्रश्न आणि काळ आधी बांधून घ्या

‘पिचफोर्कचा इतिहास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘१९९६ ते २०१५ या काळात पिचफोर्क स्वतंत्र होते म्हणजे नेमके काय होते?’ हा प्रश्न. ‘स्वतंत्र’ हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून त्याचे तीन तुकडे करा. मालकी कोणाकडे होती? सर्व्हरचे आणि पगाराचे पैसे कुठून येत होते? मजकुरावर आणि परीक्षणात अल्बमला दिल्या जाणाऱ्या गुणांवर शेवटचा शब्द कोणाचा होता? या तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या तारखांना बदलतात. मालकी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका घोषणेने बदलली, पण पैशाचे गणित त्याच्या कितीतरी आधी बदलले होते. त्याकडे पुढे येऊच.

तारखांची वही

एक स्प्रेडशीट उघडा आणि दर ओळीला एकच घटना लिहा. स्तंभ असे: घटनेची तारीख, तारखेची नेमकेपणाची पातळी, घटना एका वाक्यात, पुरावा कोणत्या पानावर, ते पान वेबसंग्रहात जतन झाल्याचा क्षण (याबद्दल पुढे), सांगणारे कोण, तुमचा विश्वास (पक्का, बरा, कच्चा) आणि शेरा. नेमकेपणाचा स्तंभ बहुतेक जण वगळतात आणि पुढे पस्तावतात. त्यात पाचच शब्द चालवा: दिवस, महिना, वर्ष, याआधी, यानंतर. सुरुवातीच्या काळातल्या बहुसंख्य घटनांपुढे ‘याआधी’ हाच प्रामाणिक शब्द असतो.

काही टंकायच्या आधी सगळे स्तंभ ‘मजकूर’ प्रकारात बदलून घ्या. याची तीन कारणे आहेत. एक, ०३/०४/२००२ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च आणि ब्रिटनमध्ये ३ एप्रिल असते, आणि एक्सेल तुमच्या संगणकाच्या सेटिंगनुसार ती निमूटपणे फिरवते. म्हणून वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. दोन, जतन झाल्याचा क्षण १४ आकड्यांचा असतो. तो नेहमीच्या ‘जनरल’ प्रकारात टाकला तर एक्सेल त्याला दशांश आणि घाताच्या रूपात दाखवते, आणि फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की शेवटचे आकडे कायमचे जातात. तीन, पिचफोर्कचे गुण ०.० ते १०.० असे एका दशांश स्थळापर्यंत असतात. ८.० चे नुसते ८ झाले की दशांश पद्धत कधी सुरू झाली हे शोधताना तुमचीच वही तुम्हाला फसवते.

पहिली ओळ लिहितानाच अडचण येईल. पिचफोर्कची स्थापना काही ठिकाणी १९९५ अशी दिलेली दिसते, काही ठिकाणी १९९६. नियतकालिकाने स्वतः पंचविसावे वर्ष २०२१ मध्ये साजरे केले, म्हणजे त्यांच्या हिशेबाने १९९६. शिवाय अगदी सुरुवातीला त्याचे नाव ‘टर्नटेबल’ होते. अशा वेळी एक वर्ष निवडून दुसरे खोडू नका. कल्पना सुचली, पहिले पान चढवले, आजचे नाव घेतले आणि स्वतःचा पत्ता नोंदवला या चार वेगळ्या घटना आहेत, त्यांना चार वेगळ्या ओळी द्या. दोन वर्षांचा घोळ बऱ्याचदा यातूनच सुटतो.

सगळे पत्ते गोळा करा

जुन्या नियतकालिकाचा पत्ता क्वचितच एक असतो. पिचफोर्क अनेक वर्षे ‘पिचफोर्कमीडिया डॉट कॉम’वर होते, २००८ च्या सुमारास ‘पिचफोर्क डॉट कॉम’वर आले. फक्त आजच्या पत्त्याची जुनी पाने शोधलीत तर पहिले दशक हाती लागणारच नाही, उलट त्या नावाच्या आधीच्या मालकाची पाने तेवढी दिसतील.

पत्त्याच्या आतली रचनाही टिपून ठेवा. जुन्या पिचफोर्कवर परीक्षणे कलाकाराच्या आद्याक्षराच्या फोल्डरमध्ये असत: परीक्षणांचा फोल्डर, त्यात ‘आर’, त्यात रेडिओहेड हा बँड, त्यात त्यांचा ‘किड ए’ हा अल्बम. आजच्या पत्त्यात त्याच परीक्षणाला ६६५६ हा क्रमांक आहे. रचना कधी बदलली त्या महिन्यात बहुधा संकेतस्थळाची यंत्रणाच बदललेली असते, आणि यंत्रणा बदलताना मजकूर सर्वांत जास्त गळतो. हे महिने वहीत ठळक करा.

डोमेन नोंदणीची तारीख पाहा, पण तिच्यावर विसंबू नका. नाव आधी दुसऱ्याचे असू शकते. नोंदणी चुकून संपली आणि पुन्हा घेतली तर तारीख नव्याने सुरू होते. आणि १९९० च्या दशकात कितीतरी नियतकालिके विद्यापीठाच्या किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या फुकट जागेवर जन्मली. जेसन ग्रॉस यांचे ‘परफेक्ट साउंड फॉरेव्हर’ हे ऑनलाइन संगीत नियतकालिक १९९३ चे. त्या काळातल्या नियतकालिकाचा जन्म डोमेनच्या तारखेवरून ठरवायला गेलात तर हमखास चुकाल.

वेबॅक मशीन नीट वापरा

इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपाने जतन करते आणि ऑक्टोबर २००१ पासून ती वेबॅक मशीनमधून सगळ्यांना पाहता येतात. या कामाचा निम्मा पुरावा इथूनच येतो, आणि निम्म्या चुकाही.

पत्ता टाकल्यावर कॅलेंडर दिसते. निळा ठिपका म्हणजे पान नीट मिळाले, हिरवा म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवले, नारिंगी म्हणजे पान सापडले नाही, लाल म्हणजे त्या दिवशी सर्व्हर बिघडलेला होता. निळ्यापासून सुरुवात करा, पण हिरवे सोडू नका. निळ्यांची रांग अचानक हिरवी झाली की पत्ता कधी बदलला ते कळते.

जतन झाल्याचा क्षण पानाच्या पत्त्यातच असतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. तो जागतिक प्रमाणवेळेत असतो. शिकागो त्या वेळेच्या ६ तास मागे (उन्हाळ्यात ५), आपण साडेपाच तास पुढे. १४ तारखेला पहाटे ३ वाजता जतन झालेले पान शिकागोत १३ तारखेच्या रात्रीचे असते. एका दिवसाने काय बिघडते असे वाटेल, पण परीक्षण अल्बमच्या प्रकाशनाच्या आधी आले की नंतर, हा प्रश्न अनेकदा एका दिवसाचाच असतो.

एकेक पान शोधत बसू नका. वेबॅकच्या पत्त्यात तारखेच्या जागी तारा (*) आणि संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी /* टाकलेत की जतन झालेल्या सगळ्या पत्त्यांची यादी मिळते. मोठ्या संकेतस्थळाची यादी १०,००० पत्त्यांशी थांबते. मग फोल्डर फोडून मागा. पिचफोर्कच्या बाबतीत आद्याक्षरांचे फोल्डर इथे उपयोगी पडतात: ‘ए’ची यादी वेगळी, ‘बी’ची वेगळी. याहून पूर्ण यादी हवी असेल तर अर्काइव्हची सीडीएक्स नावाची सूची-सेवा आहे. तिच्याकडे संपूर्ण डोमेन, वर्षांची मर्यादा, फक्त २०० या स्थितीची (म्हणजे नीट मिळालेली) पाने आणि दर पत्त्याला एकच ओळ, अशी मागणी करता येते. उत्तर साध्या मजकुरात येते आणि थेट स्प्रेडशीटमध्ये टाकता येते.

आता सापळे. यांपैकी प्रत्येक सापळ्यात अनुभवी माणसेही अडकतात.

जतन झालेले पान हा फोटो नसतो. मजकूर एका दिवशी, चित्रे दुसऱ्या दिवशी, आणि पान चौकटींचे असेल तर प्रत्येक चौकट वेगळ्या दिवशी उचललेली असू शकते. वेबॅक हे तुकडे जुळवून एक पान दाखवते. त्यामुळे जानेवारीच्या मुखपृष्ठावर एप्रिलची जाहिरात दिसू शकते. वरच्या पट्टीत त्या नोंदीची माहिती उघडली की कोणता तुकडा किती दिवसांच्या फरकाने आला आहे ते दिसते. जाहिरातीवरून काही सिद्ध करायचे असेल तर हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पानाच्या माथ्यावर छापलेली तारीख खरी असेलच असे नाही. १९९० च्या अखेरीस अनेक संकेतस्थळे ‘आजची तारीख’ जावास्क्रिप्टने, म्हणजे पानातल्या छोट्या आज्ञावलीने, दाखवत. ती तारीख वाचकाच्या संगणकाच्या घड्याळातून येते, म्हणजे १९९९ चे पान आज उघडले की त्यावर आजचीच तारीख येते. काही पानांवर वर्ष १९१०० किंवा १९१२६ असे विचित्र दिसते. ती आज्ञावली १९०० नंतर गेलेली वर्षे मोजून आकड्याच्या आधी ‘१९’ चिकटवत असे त्याचे फळ. अशी तारीख दिसली की पानाचा मूळ कोड उघडा. क्षणाच्या १४ आकड्यांना लागून ‘आयडी’ ही दोन इंग्रजी अक्षरे लहान लिपीत आणि पुढे अधोरेघ टाकली की वेबॅकने न बदललेला मूळ कोड मिळतो. त्यात लपलेले शेरे, पान बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव, कधी पान बनवणाऱ्याची आद्याक्षरेही सापडतात.

दुव्यावर टिचकी मारली की तुम्ही त्याच काळात राहता असेही नाही. जवळचे जतन नसेल तर वेबॅक दोन वर्षे पुढच्या पानावर नेऊन सोडते. प्रत्येक टिचकीनंतर पत्त्यातले १४ आकडे वाचण्याची सवय लावून घ्या.

आणि पहिले जतन म्हणजे पहिले प्रकाशन नव्हे. मुखपृष्ठ वारंवार उचलले जाते, आतली पाने वर्षानुवर्षे राहून जातात. पहिल्या जतनाची तारीख वहीत नेहमी ‘याआधी’ म्हणून लिहा. त्याच्या आधीच्या मुखपृष्ठावर दुवा नसेल तर त्या तारखेपुढे ‘यानंतर’. या दोन टोकांमध्ये खरी तारीख असते, आणि ती खिडकी अरुंद करत नेणे हेच काम.

एखाद्या नियतकालिकाचे जतन अजिबात दिसत नसेल तर निराश होण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्वी अर्काइव्ह संकेतस्थळावरची ‘रोबोट्स’ फाइल (कोणती पाने उचलू नयेत हे यंत्रांना सांगणारी) मागच्या काळालाही लावत असे. नाव सोडून दिल्यावर ते कुणी विकत घेऊन तशी फाइल ठेवली की आधीची सगळी वर्षे झाकली जात. २०१७ नंतर हे धोरण सैल झाले, त्यामुळे पूर्वी रिकामे दिसलेले पत्ते पुन्हा तपासण्यासारखे आहेत.

काय काढून टाकले ते शोधा

ऑनलाइन नियतकालिकाच्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग म्हणजे त्याने स्वतःच पुसलेला मजकूर. पिचफोर्कने सुरुवातीच्या काळातली बरीच परीक्षणे आपल्या संग्रहातून काढली. बेल अँड सेबॅस्टियन या स्कॉटिश बँडच्या १९९८ च्या अल्बमला ०.८ गुण देणारे परीक्षण त्यातले एक. त्याच बँडला पुढे याच ठिकाणी मान मिळाला. आज संकेतस्थळावर शोधणाऱ्याला ते ०.८ सापडत नाही, आणि म्हणूनच इतिहासकाराने ते नोंदवायला हवे. एक थट्टेखोर, उतावळे, विशीतल्या मुलांचे संकेतस्थळ हळूहळू संस्था कसे बनले, हे त्या गाळलेल्या पानांइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

पद्धत सरळ आहे. दोन वेगळ्या वर्षांची परीक्षणसूची वेबॅकमधून घ्या, समजा २००१ आणि २००९ ची. दोन्ही स्प्रेडशीटच्या शेजारशेजारच्या पानांवर उतरवा. कलाकाराचे नाव आणि अल्बमचे नाव जोडून एक किल्ली-स्तंभ बनवा. त्याआधी सगळी अक्षरे लहान लिपीत करा, ‘द’ हे उपपद काढा, ‘अँड’ आणि त्याचे चिन्ह एकसारखे करा, जादा मोकळ्या जागा काढा. मग व्हीलुकअप हे स्प्रेडशीटमधले जुळवणीचे सूत्र लावून पहिल्या यादीतले काय दुसऱ्यात नाही ते पाहा. पहिल्या फेरीत जे गायब दिसते त्यातला मोठा भाग स्पेलिंगच्या फरकाचा असतो. तो हाताने गाळल्यावर उरते ती खरी यादी. तरीही लगेच ‘काढून टाकले’ असे लिहू नका. यंत्रणा बदलताना गळले असू शकते. एकाच लेखकाची किंवा एकाच सुराची परीक्षणे गेली असतील तर हेतू असण्याची शक्यता वाढते. एका अक्षराचा पूर्ण फोल्डरच गेला असेल तर तो अपघात समजा.

बदललेला मजकूर पकडण्यासाठी सीडीएक्स यादीत प्रत्येक जतनापुढे एक ठसा-आकडा असतो. ठसा तोच, तर पान अक्षरशः तेच. ठसा बदलला म्हणजे मजकूर बदललाच असे मात्र नाही, शेजारची जाहिरात फिरली तरी तो बदलतो. म्हणून ठसा बदललेल्या दोन प्रतींचा फक्त मजकूर वेगळा काढून तुलना करा.

गुणांसाठी साक्षीदार बाहेरचाही घ्या. मेटाक्रिटिक हे परीक्षणांचे गुण एकत्र करणारे संकेतस्थळ २००१ पासून अनेक नियतकालिकांचे गुण नोंदवते, त्यात आता बंद असलेलीही आहेत. फक्त तिथला आकडा रूपांतरित असतो हे विसरू नका. पिचफोर्कचे ८.३ तिथे ८३ होते, ते ठीक. पण टॉड बर्न्स यांचे ‘स्टायलस’ हे ऑनलाइन नियतकालिक इंग्रजी अक्षरांच्या श्रेणी देत असे, त्यामुळे तिथे दिसणारा शंभरातला आकडा मेटाक्रिटिकने ठरवलेला आहे. तो ‘स्टायलसने दिला’ असे लिहिणे चूक.

कधी कधी नियतकालिक स्वतःच कबुली देते. ऑक्टोबर २०२१ मध्ये पिचफोर्कने १९ जुन्या परीक्षणांचे गुण आता किती दिले असते ते जाहीर केले. असे लेख फार कामाचे असतात, पण ते २०२१ ची अभिरुची सांगतात. जुन्या काळाचा पुरावा जुन्याच पानावरून घ्या.

पैसा कुठून आला

हा भाग लोक सर्वांत घाईने उरकतात आणि इतिहास तिथेच पोकळ राहतो. स्वतंत्र नियतकालिक कोणाच्या पैशावर चालले हे कळल्याशिवाय त्याने काय छापले आणि का, याचा उलगडा होत नाही.

मुखपृष्ठाची दर सहा महिन्यांची एक प्रत घ्या आणि प्रत्येक प्रतीवर कोणाची जाहिरात आहे ते लिहा: छोटी रेकॉर्ड कंपनी, डाकेने रेकॉर्ड विकणारे दुकान, मोठी रेकॉर्ड कंपनी, की संगीताशी संबंध नसलेला ब्रँड. या चार गटांचे प्रमाण कधी उलटले ते पाहा. ‘जाहिरात द्या’ आणि ‘आमच्याबद्दल’ ही दोन पाने सोने आहेत. पहिल्यावर दर आणि वाचकसंख्येचा दावा असतो, दुसऱ्यावर माणसांची नावे. दावा हा दावाच म्हणून लिहा. ‘हिट’, ‘पान-भेटी’ आणि ‘वेगळे वाचक’ हे तीन भिन्न आकडे आहेत. १९९० च्या दशकात एका पानावर दहा चित्रे असली की एका भेटीत अकरा ‘हिट’ मोजल्या जात.

पिचफोर्कची वही या दृष्टीने भरली की चित्र असे दिसते. २००४ मध्ये ख्रिस कॅस्की व्यवसायाची बाजू बघायला आले. २००५ मध्ये शिकागोच्या युनियन पार्कात इंटोनेशन नावाचा महोत्सव पिचफोर्कच्या निवडीने झाला, २००६ पासून तिथेच स्वतःच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. २००८ मध्ये व्हिडिओची वाहिनी, २०११ मध्ये पॅरिसचा महोत्सव, २०१३ मध्ये छापील त्रैमासिक आणि सिनेमाविषयक ‘द डिझॉल्व्ह’. यातले ‘द डिझॉल्व्ह’ जुलै २०१५ मध्ये बंद पडले आणि ऑक्टोबरात विक्री जाहीर झाली. दोन घटना लागोपाठ आल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि तो नसेल तर दोन्ही तारखा नुसत्या शेजारी ठेवून पुढे जावे. पण विक्रीच्या आधीच हे नियतकालिक महोत्सव, व्हिडिओ आणि छपाई यांचा खर्च वाहणारी कंपनी झाले होते, एवढे या ओळी निर्विवाद सांगतात. संस्थापक श्रायबर २०१९ मध्ये बाहेर पडले. १७ जानेवारी २०२४ रोजी जीक्यूखाली जाण्याची घोषणा झाली आणि मुख्य संपादक पूजा पटेल यांच्यासह अनेकांची नोकरी गेली. त्याच वर्षी तिथल्या काही माजी लेखक-संपादकांनी ‘हिअरिंग थिंग्ज’ हे स्वतःच्या मालकीचे संकेतस्थळ उभारले, आणि शिकागोचा महोत्सव पुढे होणार नसल्याचेही जाहीर झाले.

तुलनेला दुसरी उदाहरणे घ्या, नाहीतर विक्री हाच सगळ्यांचा शेवट असे वाटू लागते. लंडनचे ‘द क्वायटस’ २००८ पासून जॉन डोरन आणि ल्यूक टर्नर चालवतात आणि करोनाच्या काळात ते वाचकांच्या वर्गणीकडे वळले. ‘स्टिरिओगम’ संस्थापक स्कॉट लपाटीन यांनी २०२० मध्ये परत विकत घेतले. ‘ड्राउन्ड इन साउंड’ने स्वतःची रेकॉर्ड कंपनीही चालवली. तिथे, ज्याचे परीक्षण करायचे त्याचाच माल विकायचा, हा पेच येतो आणि तो शोधायलाच हवा. ‘स्टायलस’ने ३१ ऑक्टोबर २००७ रोजी प्रकाशन थांबवले. इथे एक शब्द जपून वापरा: प्रकाशन थांबणे, संकेतस्थळ बंद पडणे आणि डोमेन सुटणे या तीन वेगळ्या तारखा असतात. ‘बंद पडले’ असे मोघम लिहू नका.

आवाज आणि चित्रे

संगीताविषयीच्या पानावरून संगीतच गेलेले असते. रिअलऑडिओ या आवाज ऐकवण्याच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत बहुधा खरा आवाज नसतो, दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता असलेली छोटी मजकूर-फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून तो पत्ता वेबॅकमध्ये टाका. मिळण्याची शक्यता कमी, पण फाइलच्या नावावरून गाणे कोणते होते ते कळते. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाच्या, गाणी वाजवणाऱ्या खिडक्या रिकाम्या दिसतील. २०१५ पर्यंत चढवलेले संगीत त्यांनी सर्व्हर हलवताना गमावले आणि हे २०१९ मध्ये उघड झाले. फ्लॅश हे पानावर हलती चित्रे आणि आवाज चालवणारे साधन डिसेंबर २०२० मध्ये संपले, पण फ्लॅशची फाइल जतन झाली असेल तर रफल नावाच्या मोफत प्रणालीने ती अजून चालते.

माणसांशी बोलणे, सर्वांत शेवटी

वही निदान दीडशे ओळींची झाल्याशिवाय मुलाखती घेऊ नका. आणि क्रम उलटा ठेवा: आधी संकेतस्थळ बांधणारा आणि सर्व्हर सांभाळणारा, मग मानधनावर किंवा फुकट लिहिणारे, मग उपसंपादक, शेवटी संस्थापक. संस्थापकाने तीच गोष्ट शंभरदा सांगितलेली असते, ती गुळगुळीत झालेली असते. तांत्रिक माणसाला मात्र कोणत्या रात्री डेटाबेस उडाला ते आठवते, कारण ती रात्र त्याने जागून काढलेली असते.

‘सुरुवातीबद्दल सांगा’ असे विचारू नका. जुन्या पानाची छापील प्रत समोर ठेवा आणि विचारा: हे पान कोणी बनवले, परीक्षण कधी द्यायचे हे कोण ठरवायचे, गुण लेखक द्यायचा की संपादक, मानधन किती आणि किती दिवसांनी मिळायचे, रेकॉर्ड कंपनीने फोन केला तर काय व्हायचे. तारखा विचारू नका, ऋतू आणि घर विचारा: थंडी होती का, तेव्हा कुठल्या खोलीत राहत होता? त्यावरून तारीख तुम्हीच लावा. ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करा. एका तासाची मुलाखत उतरवायला चार-पाच तास धरा. नाव छापायची, न छापायची आणि अमुक वर्षांनी छापायची मुभा लेखी घ्या. जुन्या ‘आमच्याबद्दल’ पानांवर लेखकांचे ईमेल आणि घरचे पत्ते सापडतात. ते तेव्हा खुले होते म्हणून आज छापायचा अधिकार मिळत नाही.

पान मराठी असेल तर

हीच पद्धत आपल्याकडच्या जुन्या संगीत-संकेतस्थळांना लावताना एक जादा अडथळा येतो. युनिकोड रुळण्यापूर्वीची मराठी पाने खासगी फाँटमध्ये असत. जतन झालेले पान उघडले की ‘;’, ‘¢’, ‘Ö’ अशा चिन्हांची रांग दिसते, कारण संकेतस्थळाबरोबर येणारी फाँटची फाइल जतन झालेली नसते किंवा आजचा ब्राउझर ती घेत नाही. मूळ कोडमध्ये फाँटचे नाव शोधा, त्या फाँटसाठीचा युनिकोड परिवर्तक मिळवा, मग मजकूर त्यातून काढा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे इथे हमखास चुकतात. गायकांची आडनावे आणि रागांची नावे हाताने तपासा. मूळ चिन्हांचा मजकूरही जपून ठेवा, कारण उद्या याहून चांगला परिवर्तक मिळू शकतो.

स्वतःची प्रत ठेवा

अर्काइव्हवर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर इंटरनेट अर्काइव्ह काही दिवस बंद होते. ऑक्टोबर २०२३ मधल्या ब्रिटिश लायब्ररीवरच्या हल्ल्याने तिथला वेबसंग्रहही दीर्घकाळ मिळेनासा झाला. आणि जून २०२४ मध्ये एमटीव्ही न्यूजचा संग्रह मालकांनी एका फटक्यात काढला, तेव्हा लेखकांना स्वतःचेच लेख वेबॅकमध्ये शोधावे लागले.

जे नियतकालिक अजून जिवंत आहे त्याची पाने वार्क या जतन-प्रकारात उतरवा. डब्ल्यूगेट या मोफत साधनात ती सोय आहे. दोन पानांमध्ये किमान दोन सेकंद थांबायला सांगा, नाहीतर छोट्या सर्व्हरला त्रास होतो आणि तो तुम्हाला अडवतोही. हलत्या-वाहत्या पानांसाठी आर्काइव्हवेब डॉट पेज हे ब्राउझरमधले साधन बरे, ते तुम्ही पाहाल तसे पान टिपते. स्क्रीनचा फोटो सोबत ठेवा, पण एकट्या फोटोवर राहू नका, त्यात शोध घेता येत नाही. प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा काढून वहीत लिहा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी.

या प्रती तुमच्या अभ्यासासाठी आहेत, पुन्हा प्रसिद्ध करण्यासाठी नाहीत. परीक्षणाचे हक्क लेखकाचे आहेत की प्रकाशकाचे हे करारावर ठरते, आणि जुन्या छोट्या नियतकालिकांत करारच नसत. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार समीक्षेसाठी वाजवी उतारा घेता येतो. दोन-चार वाक्ये, लेखकाचे नाव, मूळ तारीख आणि जतनाचा क्षण एवढे पुरते. छायाचित्रे मात्र परवानगीशिवाय घेऊ नका.

लिहायला बसताना

वही तारखेनुसार लावा आणि तीत मोकळ्या जागा शोधा. आठ महिने एकही ओळ नसेल तर तिथे पुरावा नाही की खरोखर काही घडले नाही, हे आधी ठरवा. मग प्रकरणे वर्षांवर पाडू नका, पैसा, पत्ता किंवा माणसे बदलली त्या सांध्यांवर पाडा. पिचफोर्कमध्ये असे सांधे १९९९, २००४, २०१५ आणि २०२४ ला येतात.

परिणामांविषयी लिहिताना हात आखडता ठेवा. सप्टेंबर २००४ मध्ये आर्केड फायरच्या पहिल्या अल्बमला ९.७ मिळाले आणि बँड मोठा झाला, हे खरे. पण तो केवळ त्या परीक्षणाने झाला हे म्हणायला विक्रीचे त्या आठवड्यांचे आकडे, रेकॉर्ड कंपनीच्या छपाईच्या मागण्या आणि दौऱ्यांच्या तारखा हाताशी लागतात. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसन यांच्या अल्बमला ०.० मिळाले. चढवलेल्याबरोबर पाडलेल्याचीही नोंद घेतली तरच त्या गुणांचे वजन वाचकाला कळते.

मसुदा झाल्यावर त्यातली कोणतीही २० वाक्ये उचला आणि दुसऱ्या माणसाला वहीतून त्यांचा पुरावा शोधायला सांगा, तुम्ही शेजारी न बसता. दोनपेक्षा जास्त वाक्ये अडली तर मसुदा बाजूला ठेवून अडलेल्या ओळींपाशी परत जा. बहुतेक वेळा चूक तारखेत नसते, ‘याआधी’चे लिहिताना ‘त्या दिवशी’ झालेले असते.